कॅनडातला अटकेचा कायदा: आधी ४९५ वाचा

भारतातली एलएलबी घेऊन एनसीए परीक्षेला (परदेशी कायदा पदवीधरांना कॅनडात वकिलीकडे जाण्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा) बसताय, तर आधी दखलपात्र-अदखलपात्र डोक्यातून काढा. नवे लोक तिथेच घसरतात.

क्रिमिनल कोडचं (कॅनडाचा फौजदारी कायदा) कलम ४९५ पक्कं करा. माणूस गुन्हा करतानाच सापडला, तर गुन्हा कोणताही असो, पोलिसाला वॉरंटशिवाय अटक करता येते. आधी घडलेल्या किंवा घडू पाहणाऱ्या गुन्ह्यासाठी मात्र तो इंडिक्टेबल (गंभीर स्वरूपाचा) हवा आणि सबळ कारणही हवं. हायब्रिड गुन्हा (जो गंभीर किंवा किरकोळ म्हणून चालवायचा ते सरकारी वकील ठरवतो) इथे इंडिक्टेबलच धरतात. हे विसरून हमखास मार्क जातात. सबळ कारणाची कसोटी १९९० च्या 'स्टोरी' निकालात आहे: अधिकाऱ्याला स्वतःला खरंच तसं वाटलं पाहिजे, आणि त्याच्या जागी उभ्या समंजस माणसालाही ते पटलं पाहिजे. नुसता संशय पुरत नाही.

मग चार्टरचं (कॅनडाच्या संविधानातली हक्कांची सनद) कलम १०: अटकेचं कारण सांगणं आणि वकिलाचा हक्क. कृपया अमेरिकन मालिका बघून उत्तरं लिहू नका! चौकशीभर वकील शेजारी बसवायचा हक्क कॅनडात नाही ('सिंक्लेअर' निकाल, २०१०).

घरात शिरून अटक असेल तर 'फीनी' निकाल (१९९७): आत शिरायला सहसा वॉरंट लागतं. झडती, 'ग्रँट' (पुरावा वगळण्याबाबतचा निकाल) वगैरे तूर्त बाजूला ठेवा. एवढं बसलं की जुनी प्रश्नपत्रिका सोडवून इथे टाका, बघतो.