‘घरी पित्ताशयाचं ऑपरेशन सांगितलंय’

वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : मी ३८ वर्षांची. उंची पाच फूट दोन इंच, वजन ११२ किलो होतं. साडेचार महिन्यांपूर्वी पुण्यात स्लीव्हचं (वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याचं) ऑपरेशन करून घेतलं, आता ८६ आहे. हे फक्त यांना, मला आणि माझ्या आईला माहीत. सासरी ‘पित्ताशयात खडे होते, पित्ताशय काढलं’ असं सांगितलंय. नाहीतर ‘खाणं आवरेना म्हणून पोट कापून घेतलं’ हे जन्मभर ऐकावं लागलं असतं. आमचं घर माळकरी, एकत्र, बारा माणसं. सासूबाई ताट वाढतात आणि समोर बसतात. अर्धी भाकरी खाल्ली की छातीत बोळा बसल्यासारखं होतं, तोंडात लाळ भरून येते आणि मोरीत जाऊन उलटी करावी लागते. आठवड्यातून तीन-चारदा. जाऊबाई विचारतात, ‘दिवस गेलेत का?’ केस मुठीमुठीनं गळतात, पार्लरवालीनं बायोटिन (केसांसाठीचं जीवनसत्त्व) दिलंय. भूक अशी लागतच नाही, कधीकधी अख्खा दिवस चहावर निघतो. म्हणून वाटतं, या वर्षी नवरात्राचे नऊ दिवस नुसत्या पाण्यावर करावेत. वजनही उतरेल. चालेल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, नाही चालणार. देवीला राग येणार असेल तर तो माझ्या नावावर घाला.

पण नवरात्राला अजून वेळ आहे, उलट्यांचं या आठवड्यातच बघायला हवं. आठवड्याला तीन-चार उलट्या आणि वरून चहावर काढलेले दिवस, हे वाचून मला केसांची काळजी वाटली नाही, ब-१ जीवनसत्त्वाची वाटली. त्याचा शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. तो संपला की पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, एकाचे दोन दिसतात, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो. यातलं काही जाणवलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आणि तिथे स्वतःच्या तोंडानं सांगा, ‘माझं स्लीव्ह झालंय, आधी ब-१ चं इंजेक्शन द्या, मग ग्लुकोज.’ अशक्तपणा दिसला की ग्लुकोजची बाटली लावायची आपल्याकडे पद्धत आहे. ब-१ न देता ती लावली तर मेंदूवरचा परिणाम वाढू शकतो.

असं काहीही नसलं तरी ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनना फोन करा. कधीकधी स्लीव्ह एखाद्या जागी अरुंद होते आणि दुर्बिणीतून बघावं लागतं. आणि जाऊबाईंचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, घरीच एक चाचणी करून टाका. वजन उतरायला लागलं की पाळी नियमित होते आणि ध्यानीमनी नसताना दिवस राहतात. ऑपरेशननंतर निदान बारा ते अठरा महिने ते टाळायचं असतं.

आता भाकरी. तुमच्या जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढलाय. उरलीय ती केळ्याएवढी नळी. तिच्यात कोरडी भाकरी चार घासांत गेली की वरच थांबते. आणि समोर सासूबाई बसल्या असतील तर तुम्ही वीस-पंचवीस वेळा चावत नसणार, त्यांची नजर चुकवायला पटपट गिळत असणार. मला माहीत आहे, कारण मीही तेच केलंय. माझं स्लीव्ह आठ वर्षांपूर्वी झालं. आहारतज्ज्ञ आणि ११८ किलो! ‘स्वतः अशी आणि आम्हाला डाएट सांगते’ हे ऐकण्यात माझी वीस वर्षं गेली. ऑपरेशननंतर हातात आहाराचा एक झेरॉक्स कागद पडला. त्यावर ब्रोकोलीचं सूप आणि ओट्स. कोल्हापुरात! मी तो घडी करून डब्याखाली घातला आणि मुलाच्या उष्टावणाची चांदीची वाटी काढली.

ती वाटी हेच माझं माप झालं. पहिले पंधरा दिवस मुगाचं कढण, गाळलेलं वरण, ताक. मग मऊ पेज, घोटलेली खिचडी. मग पिठलं. महिन्याभरानं पिठल्याचा पहिला चमचा खाल्ला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले होते. बाळाला आपण ज्या क्रमानं अन्नाची ओळख करून देतो, तोच क्रम. तुमचा हा क्रम कुठेतरी तुटलाय. दोन आठवड्यांसाठी मागे, मऊ खाण्यावर जा. भाकरी हवीच असेल तर ज्वारीची, आमटीत कुस्करून, तीही ताटातलं बाकी सगळं झाल्यावर दोन चमचे. जेवताना आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. पाणी एरवी घोटघोट, दिवसभरात दीड ते दोन लिटर.

भूक न लागणं हे तुम्ही यश समजताय. घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, आणि तोच भाग काढून टाकलाय. भूक अशी गेलीय. पण शरीराची गरज गेलेली नाही. तुम्हाला रोज साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. ती मिळाली नाहीत तर शरीर स्नायू मोडून खातं आणि काट्यावर तेही ‘वजन उतरलं’ असंच दिसतं. म्हणून आता घड्याळाकडे बघून जेवायचं, औषध घेतात तसं. माळकरी घरात अंडं नाही, ठीक आहे. दुधात व्हे प्रोटीनचा (दुधातल्या प्रथिनांच्या पुडीचा) एक स्कूप घातला की तीस ग्रॅम झाले. पन्नास ग्रॅम पनीर, नऊ. मुगाच्या डाळीचं एक धिरडं, सात. छोटी वाटी पिठलं, सहा. घट्ट दही वाटीभर, पाच-सहा. झाले की जवळपास साठ! हे पाच-सहा वेळांत विभागा. ताटात पहिला घास नेहमी यातला.

ही न लागणारी भूक परत येते बरं का. माझी चौदाव्या महिन्यात आली. दुपारी चारला, शेजारच्या घरात भजी तळत होते. तोवर घड्याळाची सवय अंगवळणी पडलेली असली तर निभावतं. माझं अडतीस किलो उतरलं आणि त्यातलं सहा परत आलं. हेही सांगून ठेवते.

आता त्या पित्ताशयाचं. सासरी खोटं का सांगितलंत ते मला पूर्ण समजतं. तुमचं शरीर, तुमचा निर्णय, गावभर दवंडी पिटायचं कारण नाही. पण खोटं निवडताना नेमकं चुकीचं निवडलंत. झपाट्यानं वजन उतरताना पित्तात खडे होण्याची शक्यता वाढते. म्हणूनच बऱ्याच जणांना पहिले सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिडची गोळी देतात (तुम्हाला दिली असेल तर ती चालू आहे ना, बघा). समजा मध्यरात्री उजव्या बरगडीखाली कळ आली, हे बाहेरगावी आहेत, आणि सासूबाई तुम्हाला दवाखान्यात घेऊन गेल्या. त्या डॉक्टरांना काय सांगतील? ‘हिचं पित्ताशय काढलंय.’ पोटावर दुर्बिणीच्या खुणा आहेतच. डॉक्टर तिथून उलट्या दिशेनं शोधायला लागतील. नाकातून नळी घालायची वेळ आली तरी पोट लहान केलंय हे त्यांना ठाऊक असायला हवं.

त्यामुळे दोन गोष्टी करा. ऑपरेशनचं नाव, तारीख, सर्जनचा नंबर असं कार्ड करून पर्समध्ये आणि यांच्या पाकिटात ठेवा. आणि घरातल्या एका बाईला खरं सांगा. कोणाला ते तुम्ही ठरवा. पत्रावरून मला वाटलं, सासूबाईंनाच. वाढून समोर बसणाऱ्या बाईला तुम्ही जगलेलं हवंय. तुम्ही काही सांगितलं नाहीत म्हणून त्या ताटात वाढतायत, आणि ‘अन्न टाकू नये’ म्हणून तुम्ही ते गिळून मोरीत टाकताय. ‘आई, डॉक्टरांनी एवढ्याच वाटीतून सहा वेळा खायला सांगितलंय, तुम्हीच वाढाल का?’ असं म्हणून बघा. वाटी त्यांच्याच हातात द्या. माझ्या सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी अकरा वाजता वाटीत मऊ शिजवलेली मटकी घेऊन उभ्या, ‘वेळ झाली तुझी.’

नवरात्रात उठता-बसता उपवास धरा, तोही पोटात काही घेऊन. दूध, दही, पनीर, राजगिऱ्याची लापशी, मऊ भगर आणि पातळ दाण्याची आमटी. व्हे दुधाचंच असतं, ते उपासाला चालतं असं मी तरी ठरवून टाकलंय. साबुदाणा नको. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, प्रथिनं नावाला, आणि स्लीव्हमध्ये चिकटून बसतो. तुमच्याकडे महिन्याला दोन एकादश्याही असणार, त्यांनाही हेच.

केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात बऱ्याच जणींचे गळतात. शरीराला बसलेल्या धक्क्याची ती उशिरानं आलेली पावती असते. प्रथिनं आणि लोह भरून निघालं की हळूहळू परत येतात. बायोटिन थांबवा, त्यानं थायरॉइडसारख्या काही रक्तचाचण्यांचे आकडे चुकतात. त्याऐवजी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ब-१२, ड जीवनसत्त्व तपासून घ्या. सर्जननी दिलेल्या मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या जन्मभराच्या आहेत, ‘बरं वाटतंय’ म्हणून सोडायच्या नाहीत. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर, आणि लोहाच्या गोळीवर चहा नाही.

प्रश्न : वय ५१. मधुमेहामुळे मिनी गॅस्ट्रिक बायपास (जठर लहान करून थेट पुढच्या आतड्याला जोडण्याचं ऑपरेशन) करून चौदा महिने झाले. शुगर छान आहे. भाचीच्या लग्नात दोन वाट्या श्रीखंड खाल्लं, वीस मिनिटांत घाम, धडधड, जुलाब. हार्ट अटॅकच वाटला. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणतो, ती चालू ठेवू ना? आणि मित्रांत बसलं तर एखादा पेग?
– नाशिक

उत्तर : श्रीखंडानंतर जे झालं त्याला ‘डम्पिंग’ म्हणतात. साखर जठरात न थांबता थेट आतड्यात उतरते, आतडं पाणी ओढून घेतं आणि घाम, धडधड, जुलाब सुरू होतात. दोन-तीन तासांनी शुगर एकदम खालीही जाऊ शकते. पंगतीत आग्रह होणारच, तेव्हा वाटी पानावर उपडी ठेवा. मात्र गोड न खाताही छातीत धडधडलं तर माझं उत्तर विसरा आणि ईसीजी काढा.

गोळी आजच बंद. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्यांनी बायपासच्या जोडावर अल्सर होतो, तो फुटूही शकतो. पॅरासिटामॉल चालते, बाकीचं सर्जनना विचारून. काळी शी झाली तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा. तंबाखू असेल तर तीही त्याच अल्सरला खतपाणी घालते. आणि पेग. बायपासनंतर दारू पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते. दुसऱ्या वर्षापासून काहींना तिची ओढ लागते, पूर्वी कधी नव्हती त्यांनाही. तुम्ही नेमके तिथेच आहात. मित्रांत बसा, ग्लासात ताक घ्या.

प्रश्न : ऑपरेशननंतर तीस किलो उतरलं. पंचवीस ब्लाउज ढगळ झालेत. नवे शिवून घेऊ का?
– सातारा

उत्तर : वर्ष-दीड वर्ष थांबा, वजन अजून हलेल. तोवर चार ब्लाउज आतून शिवण मारून घ्या आणि शिंप्याला सांगा, कापड कापू नको. अंगठ्या मात्र आजच काढून ठेवा. माझी एक भांडी घासताना मोरीत गेली, ती गेलीच.