कृषी सल्ला : दोन हजारांचा हप्ता आणि काजूवरची उचल

गेल्या महिन्यात आमच्या गोव्यातल्या कृषी कार्यालयात आलेल्या प्रश्नांत किडीरोगाचे थोडे आणि पैशाचे फार होते. म्हणून या वेळी फवारणीचे वेळापत्रक बाजूला ठेवून किसान सन्मान निधीच्या हप्त्याबद्दल बोलू.

प्रश्न (सत्तरी) : आमची एक हेक्टरभर काजू बागायत आणि थोडे सरद (पावसाळी भाताचे) शेत आहे. किसान सन्मान निधीचे वर्षाला ६,००० रुपये येतात, म्हणजे महिन्याला ५००. यापेक्षा राज्याच्या गृह आधार योजनेचे जास्त मिळतात. एवढ्यासाठी बँक, तलाठी, ई-केवायसी असे खेटे घालायचे का?

ताई, हिशेब बरोबर आहे, फक्त ६,००० ला बाराने भागू नका. गृह आधार हा घरखर्चाचा पैसा आहे, तो महिन्याच्या मापाने येतो. शेतीचे काम महिन्याच्या मापाने चालत नाही. वर्षात चार-पाच वेळा अशा येतात की हातात दोन हजार असले तर काम होते, नसले तर कुणापुढे तरी हात पसरावा लागतो.

तुमच्या भागात काजूवर उचल घेतात, ते तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. जानेवारीत झाडाखालची साफसफाई करायला, मजुराला द्यायला पैसे नसतात. बियांचा व्यापारी दोन हजार देतो, व्याज मागत नाही. भला माणूस वाटतो. व्याज तो बियांच्या दरात घेतो. समजा तुमच्या ४०० किलो बिया झाल्या आणि उचल घेतली म्हणून त्याने किलोमागे ८ रुपये कमी दिले, तर ३,२०० रुपये गेले. दोन हजारांवर, तेही चार महिन्यांसाठी. एवढे व्याज सावकारही लावताना लाजेल.

नुकसान तिथेच थांबत नाही. काजूची आधारभूत किंमत सरकारने २०२३ साली १२५ वरून १५० रुपये किलो केली. बाजारात दर पडला की मधला फरक शेतकऱ्याच्या खात्यात जमा होतो, पण त्यासाठी बिया मान्यताप्राप्त सहकारी संस्थेत घालून बिल घ्यावे लागते आणि कृषी कार्ड लागते. उचल दिलेला व्यापारी माल दारातून नेतो, बिल देत नाही. बिल नाही म्हणजे फरकही नाही. जानेवारीत हातात असलेले दोन हजार मे महिन्यात किती होतात ते आता मांडून बघा.

अडचण आहे ती हप्ता येण्याच्या वेळेची. योजनेत एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते मार्च असे तीन टप्पे आहेत, प्रत्येकी २,००० रुपयांचे. टप्पा ठरलेला, दिवस मात्र नाही. २०२४ साली पावसाळ्याच्या तोंडचा हप्ता १८ जूनला जमा झाला. २०२५ साली तोच हप्ता २ ऑगस्टला आला, तेव्हा सरद भाताची लावणी आटोपलेली होती. पुढचा हप्ता २०२४ मध्ये ५ ऑक्टोबरला, तर २०२५ मध्ये १९ नोव्हेंबरला. येणाऱ्या हप्त्याच्या भरवशावर बियाणे उधार आणू नका.

मी सांगतो ती रीत अशी, की एक हप्ता मागे राहून खर्च करायचा. फेब्रुवारी-मार्चकडे आलेला पैसा खात्यातच राहू द्या, तो जूनचे बियाणे आणि नांगरणी. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पैसा काजूचा. नोव्हेंबरात पालवी फुटते, ढेकण्या ही कीड तिच्यावर बसते, आणि पालवी, मोहर व फळधारणा या तीन वेळच्या फवारण्यांपैकी पहिली पैशाअभावी चुकली की पुढच्या दोन निम्म्या वाया. उरला जून ते ऑगस्टमध्ये येणारा हप्ता. तो चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) माटोळीत, म्हणजे गणपतीवरच्या फळाफुलांच्या सजावटीत, मुलांच्या कपड्यांत आणि दुकानदाराच्या वहीत जातो. जाऊ द्या. त्याबद्दल मी कुणाला उपदेश करणार नाही. चवथ काही हप्ता नाही म्हणून थांबत नाही. ती उधारीवर झाली असती, एवढाच फरक.

प्रश्न (पेडणे) : एक-चौदाच्या (जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव आहे. आम्ही तिघे भाऊ वेगवेगळे राहतो, वेगवेगळे कसतो. अर्ज नाकारला.

नाकारणारच. योजना उताऱ्यावरचे नाव बघते, शेतातला माणूस बघत नाही. आणि गोव्यात मेलेल्या माणसांच्या नावावर जेवढी जमीन आहे, तेवढी क्वचितच कुठे असेल.

वारसांत एकमत असेल तर विशेष नोटरीपुढे वारसपत्र करून घ्या. वाटणीवरून मतभेद असतील तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी (वारसांतल्या वाटणीचा दावा) घालावी लागेल. त्यानंतर मामलेदारांकडे म्युटेशन, म्हणजे उताऱ्यावर नावे चढवणे. जमिनीच्या नोंदीसाठी १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख धरलेली आहे, म्हणजे त्यानंतर विकत घेतलेल्या जमिनीवर लाभ नाही. मालकाच्या मृत्यूनंतर वारशाने नाव चढले असेल तर मात्र चालते. तिन्ही भावांची नावे लागली आणि तुम्ही अपात्रतेच्या यादीत बसत नसाल, तर तिन्ही कुटुंबांना वेगवेगळा लाभ मिळू शकतो. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले. आयकर भरणाऱ्यांना आणि चतुर्थ श्रेणी सोडून इतर सरकारी नोकरांना लाभ नाही.

हे सहा हजारांसाठी करा असे मी म्हणत नाही. तेवढ्यासाठी परवडणारही नाही. पण पीककर्ज, यंत्रावरचे अनुदान, काहीही मागायला गेलात तरी आजोबाच आडवे येतील. एकदाच त्यांना उताऱ्यावरून मोकळे करा. आणि आपल्याकडे लग्नानंतर बायको मालमत्तेत निम्म्याची धनीण असते, तेव्हा वहिनींना घरी ठेवून कागद करायला येऊ नका. परत जावे लागेल.

आधी हप्ता येत होता आणि मग बंद झाला असेल, तर गोष्ट वेगळी. ई-केवायसी झाली आहे का, खाते आधारला जोडले आहे का आणि जमिनीची नोंद पडताळली आहे का, या तिन्हींपैकी एक अडलेले असते. बहुतेक वेळा मधले. चौकशीसाठी १५५२६१ या क्रमांकावर फोन करा.

प्रश्न (फोंडा) : भाटकाराचे (जमीनमालकाचे) पडीक शेत तोंडी बोलीवर कसतो. मला काही मिळेल?

या योजनेतून नाही. हा तिचा दोष आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. ओडिशाच्या कालिया योजनेने भूमिहीन आणि वाट्याने कसणाऱ्यांनाही धरले होते, म्हणजे करता येत नाही असे नाही. तुम्ही भाटकाराकडून निदान एका कागदावर लिहून घ्या आणि विभागीय कृषी कार्यालयात या. दुसरे काय बसते ते पाहू.

प्रश्न (डिचोली) : रोख पैसे दिले की पुरुष ते दारूत घालवतात. त्यापेक्षा खताची गोणी द्या.

बाब, घालवणारा गोणीसुद्धा विकून घालवतो. २०११ च्या सुमारास मध्य प्रदेशात ‘सेवा’ या महिला संघटनेने युनिसेफच्या मदतीने काही गावांत प्रत्येकाला दरमहा रोख रक्कम देऊन पाहिली. सुरुवातीला मोठ्या माणसाला २०० आणि मुलाला १०० रुपये. दारू वाढल्याचे दिसले नाही. लोकांनी शेळ्या-गुरे घेतली, बियाणे आणले, आणि दुसऱ्याच्या शेतावर राबणारे स्वतःच्या शेतात जास्त दिवस दिसू लागले. तरी तुमच्या घरची भीती खरी असेल आणि पत्नीचे नाव उताऱ्यावर असेल, तर लाभार्थी तिलाच करा.

प्रश्न (चोडण) : खाजनाचा (खाडीकाठच्या सखल शेताचा) बांध फुटून खारे पाणी शिरले. हप्ता बांधाला घालावा का?

नको. तुमच्या दोन हजारांनी बांध राहणार नाही, आणि शेजाऱ्याने घातले नाहीत तर तुमचेही पाण्यात जातील. खात्यात थेट आलेला पैसा एका घराचे काम करतो. खाजन हे एका घराचे काम कधीच नव्हते. मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दारावरच्या मासेमारीच्या) लिलावाचे पैसे कूळ संघाकडे, म्हणजे कुळांच्या संघटनेकडे येतात, ते कुठे गेले हे पुढच्या सभेत विचारा. बैठक होतच नसेल तर मामलेदारांकडे लेखी तक्रार द्या, प्रत आमच्याकडे आणा. पिकाच्या नुकसानीसाठी शेतकरी आधार निधीचा अर्ज वेगळा करायचा आहे, तो मात्र पाणी ओसरायची वाट न पाहता. पाहणीला आम्ही आलो की शेतात खारे पाणी दिसले पाहिजे.

जाता जाता एक. ‘हप्ता अडकला, हे अॅप उतरवून घ्या’ असा संदेश व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. त्यावर बोट लावू नका. ओटीपी कुणालाही सांगू नका, माझे नाव सांगणाऱ्यालाही नाही.