ग्लोमा खोऱ्यातल्या वीजगृहांचा मालक : नेमका कशाचा?

प्रश्न असा आहे : ‘ग्लोमा जलविद्युत प्रकल्पाचा मालक’ असं नॉर्वेविषयीच्या लेखात लिहिलं तर चालेल का? आणि खोरं, पाणलोट, प्रकल्प, वीजगृह यांतला कोणता शब्द कुठे वापरायचा?

चालणार नाही, कारण असा एक प्रकल्पच नाही. ग्लोमा ही नॉर्वेतली सर्वांत लांब नदी, सुमारे ६०० किलोमीटरची. तिच्यावर आणि म्योसा सरोवरातून तिला येऊन मिळणाऱ्या लोगेनवर अनेक वीजगृहं आहेत आणि त्यांचे मालक वेगवेगळे आहेत. ‘खोरं’ म्हणजे नदी आणि तिच्या उपनद्यांचा सगळा प्रदेश. ‘पाणलोट क्षेत्र’ मात्र एका ठरावीक जागेपुरतं, उदाहरणार्थ बंधाऱ्यापर्यंत पाणी आणणारा भाग. म्हणून वाम्मा आणि रोनोसफॉस या ग्लोमावरच्या दोन वीजगृहांचं खोरं एक, पण पाणलोट क्षेत्रं वेगळी. ‘प्रकल्प’ हा शब्द धरण, बोगदे, वीजगृह अशा सगळ्या मांडणीसाठी राखावा. वाम्मा आणि रोनोसफॉस ही दोन्ही वाहत्या पाण्यावर चालणारी, बंधाऱ्यालगतची वीजगृहं आहेत. कोयनेच्या सवयीने तिथे ‘अवजल बोगदा’, म्हणजे वीज काढून झालेलं पाणी बाहेर नेणारा बोगदा, लिहून टाकू नये.

खरी अडचण ‘मालक’ या शब्दाची आहे, कारण इथे मालकी तीन थरांची असते.

पहिला थर पाण्याच्या उताराचा. नॉर्वेच्या कायद्यात वाहतं पाणी कुणाच्या मालकीचं नसतं, पण ते ज्या उंचीवरून खाली येतं त्या उताराचा हक्क काठच्या जमिनीबरोबर येतो आणि तो विकताही येतो. याला ते ‘फाल्रेट’ म्हणतात. ‘प्रपातहक्क’ म्हटलं तर कडाच डोळ्यांसमोर येतो, पण दोन किलोमीटरांत दहा मीटर उतरणारी खळाळती नदीही यात मोडते. ‘पाणउतारहक्क’ तर पाणउताऱ्यामुळे बाद. माझं मत ‘जलपातहक्क’ला, पहिल्यांदा वापरताना अर्थ सांगावा. सार्प्सफॉस धबधबा याचं उत्तम उदाहरण आहे : पश्चिम काठावर बोरेगार्ड ही कंपनी, पूर्वेला हाफस्लुंड ही दुसरी. धबधबा एक, हक्कदार दोन.

दुसरा थर वीजगृहाचा. ग्लोमावरचं सोलबर्गफॉस वीजगृह १९२४ मध्ये सुरू झालं ते राज्य (म्हणजे नॉर्वेचं सरकार) आणि ऑस्लो नगरपालिका यांच्या भागीदारीत. अशा ठिकाणी ‘मालक’ एकवचनी लिहिणं चुकीचं ठरतं. ‘भागधारक मालक’ लिहून हिस्सा सांगावा.

तिसरा थर पाणी साठवून सोडण्याचा. हे काम खोऱ्यातल्या वीजगृहमालकांची संघटना पाहते : ‘ग्लोमेन्स ओग लोगेन्स ब्रुक्सआयरफोरेनिंग’, १९१८ पासूनची. म्योसाची पातळी स्वानफॉसच्या बंधाऱ्यावरून सुमारे ३.६ मीटरच्या मर्यादेत वरखाली करता येते, आणि त्याचा फायदा खालच्या सगळ्या वीजगृहांना मिळतो. ‘सरोवराचा मालक’ लिहू नका. ‘नियमन संघटना’ हे बरोबर.

‘कन्सेशन’चं भाषांतर ‘सवलत’ केलेलं वारंवार दिसतं आणि सगळ्या परिच्छेदाचा अर्थ पालटतो. तो शब्द ‘परवाना’. नगरपालिकांना द्यावी लागणारी, जास्तीत जास्त दहा टक्क्यांपर्यंतची वीज ही ‘परवाना-वीज’. सवलतीची वीज नव्हे.

‘येमफाल’ही असाच जपून वापरायचा शब्द. १९१७ च्या कायद्याने खाजगी कंपनीला परवाना जास्तीत जास्त ६० वर्षांचा मिळे, नंतर वीजगृह विनामोबदला राज्याकडे जाई. ही ‘जप्ती’ नव्हती, अट परवान्यातच होती. ‘परतावा’ म्हटलं तर पैशांचा वाटतो. ‘राज्याकडे मालकी परत जाणे’ असं मोकळं लिहावं. २००७ मध्ये एफ्टा (युरोपीय मुक्त व्यापार संघटना) न्यायालयाने या व्यवस्थेतला खाजगी-सार्वजनिक भेद अमान्य केला. २००८ च्या दुरुस्तीनंतर नवा परवाना खाजगी मालकांना मिळत नाही, त्यांचा वाटा एक तृतीयांशापर्यंतच राहू शकतो. म्हणून ‘नॉर्वेत वीजगृहं सरकारी असतात’ हे ढोबळ विधान टाळून ‘किमान दोन तृतीयांश सार्वजनिक’ लिहावं. तेही मोठ्या जलपातांपुरतंच.

‘मोठा’ म्हणजे ४,००० नैसर्गिक अश्वशक्तीहून जास्त. हिशोब असा : नियमित प्रवाह घनमीटर प्रति सेकंद, गुणिले उंची मीटर, गुणिले १३.३३. प्रवाह ५० आणि उंची १० असेल तर सुमारे ६,६६५. ०.७३६ ने गुणून याचे किलोवॅट करता येतात, पण ती वीजगृहाची स्थापित क्षमता नव्हे. यंत्रं पुराचं पाणीही वापरतात, म्हणून ती क्षमता बरीच जास्त असू शकते. दोन्ही आकडे एकाच रकान्यात देऊ नयेत.