पुढचं चाक उचलतं म्हणून ट्रॅक्टर बदलायचा का?

तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदारांचा प्रश्न थोडक्यात असा: 24 एचपीचा फोर व्हील मिनी ट्रॅक्टर, वजन 900 किलो. मागे औषध फवारायचा 300 लिटरचा ब्लोअर उचलून बांध चढताना पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग लागत नाही आणि ओल्या काळ्या रानात मागची चाकं जागेवर फिरतात. डीलरने दोन पर्याय दिलेत. एक, वजनं लावा: पुढे ब्रॅकेटसह 20 किलोचे चार बिडाचे (ओतीव लोखंडाचे) तुकडे 14,500 रुपयांना आणि मागच्या चाकांना 35 किलोच्या दोन चकत्या 11,000 ला. दुसरा, हा ट्रॅक्टर 2,60,000 ला परत देऊन 7,10,000 चा मोठा घ्या. फरकाच्या 4,50,000 वर 12 टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज, सहामाही हप्ता. काय करावं?

मोठा ट्रॅक्टर आत्ता नको. पण 25,500 सुद्धा पूर्ण खर्च करू नका.

आधी पुढचं चाक का उचलतं ते बघू, कारण पैसे कुठे लावायचे हे त्यावरच ठरतं. ब्लोअरचं लोखंड 150 किलो आणि औषधपाणी 300, असे 450 किलो मागच्या धुरीच्या (अॅक्सलच्या) साधारण 90 सेंटिमीटर मागे लटकतात. दोन धुऱ्यांमधलं अंतर दीड मीटर धरलं तर 450 गुणिले 0.9 भागिले 1.5, म्हणजे 270 किलो भार पुढच्या धुरीवरून उचलला जातो. अशा ट्रॅक्टरच्या पुढे एरवी 360 किलोच्या आसपास भार असतो. उरले 90. स्टिअरिंग हातात राहायला ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान 20 टक्के, म्हणजे 180 किलो, पुढे हवेत. चढावर हा आकडा आणखी घसरतो.

दुसरीकडे मागच्या धुरीवर 1,260 किलो येतात, एरवीच्या दुपटीहून जास्त. म्हणजे मागची चाकं फिरतात ती वजन कमी पडतं म्हणून नाही. टायरची नक्षी झिजलेली असेल, हवा जास्त असेल, आणि मुख्य म्हणजे 90 किलोवर पुढची चाकं मातीला धरतच नाहीत, त्यामुळे तुमचा फोर व्हील तेवढ्यापुरता नावालाच फोर व्हील उरतो. मागच्या चकत्या बरोबर मागच्या धुरीवर बसतात. त्यांनी पुढे एक किलोही वाढत नाही, उलट आधीच लादलेल्या टायरवर 70 किलो चढतात. ते 11,000 वाचवा.

पुढची वजनं मात्र घ्या. ती धुरीच्या अर्धा मीटर पुढे बसली तर एक किलोचं काम 1.33 किलोइतकं होतं. 80 किलोचे 107 होतात, आणि 90 चे 197. हवं तेवढं मिळालं. ब्रॅकेट कंपनीच्या मूळ बोल्टच्या भोकांवरच बसवा. जाळीला किंवा बंपरच्या पत्र्याला वेल्डिंग केलेलं ब्रॅकेट बांधावरच्या हिसक्यांनी सुटतं आणि वजन चाकापुढे पडतं. ब्लोअर नसेल तेव्हा वजनं काढून ठेवा, नाहीतर पुढच्या धुरीचे बुश लवकर खराब होतात आणि ओळीतली माती उगाच दाबली जाते.

कल्टिव्हेटर ओढताना चाकं फिरत असतील तर तो वेगळा विषय. टायरला खडूची खूण करा, औजार उचलून रानात चाकाच्या दहा फेऱ्यांत किती अंतर जातं ते मोजा, मग औजार मातीत घालून पुन्हा चाकाच्या दहा फेऱ्यांचं अंतर मोजा. अंतर 15 टक्क्यांपेक्षा जास्त घटलं तरच मागे वजन हवं, आणि तेही पाण्याचं. जॅक लावून चाक उचला, हवा भरायचा व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणा, त्याची पिन काढून हवा सोडा आणि हवा-पाण्याच्या नोझलने व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत पाणी भरा. टायर साधारण 75 टक्के भरतो, वर हवेची उशी राहते. नंतर पुस्तिकेत दिलेली हवा भरा. 8.3-20 मापाच्या टायरात सुमारे 45 लिटर मावतं, म्हणजे दोन्हींत मिळून 90 किलो, चकत्यांपेक्षा जास्तच. काठोकाठ भरलात तर टायर दगडासारखा होतो आणि हिसका थेट रिमवर बसतो. कॅल्शियम क्लोराइड आपल्याकडे घालू नका. हे मीठ पाणी गोठणाऱ्या मुलखासाठी आहे, इथे फक्त रिम गंजवेल. पाणी भरलेल्या टायरचं पंक्चर काढायला त्रास होतो, हे मात्र धरून चला. रोटाव्हेटरसाठी यातलं काहीच नको, तो स्वतःच ट्रॅक्टरला पुढे ढकलतो.

आता कर्ज. 4,50,000 वर सहामाही हप्ता 61,141 रुपये, दहा हप्त्यांचे 6,11,400, त्यात व्याज 1,61,400. मोठ्या ट्रॅक्टरवर भाड्याची कामं करायचा विचार असेल, आणि डिझेल-ड्रायव्हर जाऊन तासाला 400 रुपये सुटत असतील, तर फक्त हप्त्यापुरते वर्षाला 306 तास लागतील. 400 च्या जागी तुमच्या भागातला खरा आकडा घालून बघा. शिवाय सहामाही हप्त्यातला एक ऑक्टोबरच्या छाटणीला येईल, जेव्हा मजुरी, डिपिंग (घड औषधात बुडवणं) आणि फवारण्यांचा खर्च चढलेला असतो आणि माल निघायला चार-एक महिने असतात. पुढेमागे कर्ज घेतलंच तर एप्रिलला एकच वार्षिक हप्ता मागा.

14,500 रोख द्या. हात अडलाच तर पीक कर्जाच्या मर्यादेत यंत्रांच्या देखभालीचा भाग धरलेला असतो, तो वापरा. वेळेत फेडला तर चार टक्क्यांत जातो.

पण ऑर्डर देण्याआधी एक काम करा. माझे 360 आणि 270 हे अंदाजाचे आकडे आहेत, तुमचे वजनकाट्यावर मिळतील. ब्लोअर भरून, उचलून ठेवा आणि फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या. 150 च्या वर आकडा आला तर चारऐवजी दोनच तुकडे पुरतात.