आधी ला ग्रान्हा, मग संसद

प्रिय मित्रा,

समलिंगी असल्याचे आधी जाहीर करावे आणि मग सार्वजनिक जीवनात उतरावे, की आधी कामाने ओळख मिळवावी, असे तू विचारले आहेस. लॅटिन अमेरिकेचा अभ्यास तू करतोच आहेस, म्हणून चिलीतील दोन समलिंगी नेत्यांविषयी लिहितो.

क्लाउदिओ आर्रियागादा हे 1992 ते 2012 या काळात सांतियागोच्या दक्षिणेकडील ला ग्रान्हा या कष्टकऱ्यांच्या भागाचे महापौर होते. चिलीत त्या काळी सरकारी शाळा आणि प्राथमिक दवाखाने नगरपालिकांकडेच असल्यामुळे महापौराचे काम घराघरांत जाणवत असे. त्यांच्या ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाची मुळे कॅथलिक विचारांत होती आणि पुरुषांमधील संमतीचे संबंध 1999 पर्यंत गुन्हाच होते. त्यांच्या कारकिर्दीची पहिली काही वर्षे कायदाच त्यांच्या विरोधात होता, तेव्हा त्या काळातील मौनाला भित्रेपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. 2014 ते 2018 ते खासदार होते आणि चिलीचे पहिले उघडपणे समलिंगी खासदार ठरले.

इतिहासकार हाइमे पारादा यांचा मार्ग उलट होता. ते समलिंगी हक्क चळवळीचे प्रवक्ते म्हणूनच लोकांना माहीत होते आणि ऑक्टोबर 2012 मध्ये सांतियागोच्याच प्रोविदेन्सिया भागातून नगरसेवक म्हणून निवडून आले. त्याच वर्षी मार्चमध्ये दानिएल सामुदिओ या 24 वर्षांच्या तरुणाचा, समलिंगी म्हणून झालेल्या अमानुष मारहाणीनंतर मृत्यू झाला होता, आणि वर्षानुवर्षे रखडलेला भेदभावविरोधी कायदा त्यानंतर कुठे जुलैमध्ये लागू झाला.

आर्रियागादांचा मार्ग सुरक्षित आहे, असे तुला अनेक जण सांगतील. तो सुरक्षित नव्हता, फक्त लांबचा होता. आणि वीस वर्षांचे काम म्हणजे समाजाने आपल्याला स्वीकारावे यासाठी भरलेले शुल्क, असे तू कधीही मानू नकोस. केव्हा बोलायचे ते तूच ठरव, पण तोवर काम अडवून धरू नकोस.

तुला परराष्ट्र सेवेत जायचे आहे, म्हणून एक अभ्यास सुचवतो. सप्टेंबर 2014 मध्ये जिनिव्हाच्या मानवाधिकार परिषदेत ब्राझील, कोलंबिया आणि उरुग्वे यांच्यासह चिलीने लैंगिक कल आणि लिंगओळख यांवरून होणाऱ्या हिंसेविरुद्ध ठराव मांडला. तो 25 विरुद्ध 14 मतांनी संमत झाला. 7 देश तटस्थ राहिले आणि त्यांत भारतही होता. चिलीच्या प्रतिनिधींनी कोणते युक्तिवाद केले ते वाच, आणि भारताच्या जागी तू असतास तर दिल्लीला काय टिपण पाठवले असतेस, ते मला लिहून कळव.

तुझा,
सर