लॅपटॉपवर क्लिक, तीन फोनवर परिणाम: ब्राउझरसिंकबद्दल वाचकांचे प्रश्न

(ब्राउझरसिंक म्हणजे लॅपटॉपवर बनत असलेली साइट एकाच वेळी अनेक उपकरणांवर दाखवून क्लिक, स्क्रोल आणि फाइलमधले बदल सगळीकडे जुळवणारं साधन. कमांड आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत छापली आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन लिपीत टाका.)

प्रश्न: वर्डप्रेसची थीम बनवतोय. ब्राउझरसिंक लावलं, लॅपटॉपवर छान चालतं, पण फोनवर पान उघडतच नाही. दोन्ही एकाच वाय-फायवर आहेत.

उत्तर: फोनवर कुठला पत्ता टाकता? फोनसाठी 'लोकलहोस्ट' म्हणजे तो फोनच. ब्राउझरसिंक सुरू झाल्यावर टर्मिनलमध्ये 'लोकल' आणि 'एक्स्टर्नल' असे दोन पत्ते दिसतात. फोनवर दुसरा टाकायचा, साधारण 192.168.1.7:3000 असा. शेवटचा 3000 हा पोर्ट, म्हणजे लॅपटॉपवरच्या त्या प्रोग्रामचा दार क्रमांक. तो आधीच अडलेला असेल तर ते पुढचा मोकळा पोर्ट घेतं, म्हणून आकडा पाठ करू नका, दर वेळी वाचा.

पत्ता बरोबर असूनही अडत असेल तर विंडोजचं फायरवॉल तपासा. घरचं वाय-फाय 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं असलं की नोडकडे (ब्राउझरसिंक ज्यावर चालतं तो प्रोग्राम) येणारी जोडणी बहुधा तिथेच अडते, ते 'प्रायव्हेट' करा. तरीही नाही? मग लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडून बघा. तिथे चाललं तर दोष राउटरचा: गेस्ट नेटवर्क किंवा 'एपी आयसोलेशन' चालू असलं की एकाच वाय-फायवरची उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत.

आणि वर्डप्रेसला 'सर्व्हर' पर्याय चालत नाही, कारण ब्राउझरसिंक पीएचपी चालवत नाही. 'प्रॉक्सी' (आधीच चालू असलेली साइट मध्यस्थासारखी पुढे दाखवणारा पर्याय) देऊन त्यापुढे तुमच्या लोकल साइटचा पत्ता द्या. सोबत 'फाइल्स'मध्ये थीमचा फोल्डर सांगायला विसरू नका, नाहीतर फाइल सेव्ह करूनही काहीच हलणार नाही. सॅस (ज्यातून सीएसएस तयार होतं ती भाषा) वापरत असाल तर तिथे तयार झालेली सीएसएस फाइल द्या, मूळ सॅस नव्हे. सीएसएस बदललं की पान रिलोड न होता नवी शैली लागते, पीएचपी बदललं की पूर्ण रिलोड.

प्रश्न: लॅपटॉपवर मेनूतली एक लिंक दाबली की फोनवर भलतीच उघडते. संपर्काचा फॉर्म एकदा भरला तर डेटाबेसमध्ये तीन नोंदी. हा बग आहे का?

उत्तर: नाही, असंच चालतं ते. ब्राउझरसिंक 'या लिंकवर क्लिक झालं' असं सांगत नाही, 'पानावरच्या अमुक क्रमांकाच्या लिंकवर क्लिक झालं' असं सांगतं. सगळ्या उपकरणांवर एचटीएमएल तंतोतंत सारखं असेल तर क्रमांक जुळतो. पण तुमच्या जावास्क्रिप्टने मोबाइलसाठी वेगळा मेनू तयार केला, त्यात चार लिंका जास्त आल्या, की त्याखालची प्रत्येक लिंक चार घरं सरकली. उपाय दोन. एकच मेनू ठेवून त्याचं रूप सीएसएसने बदलायचं, हा आम्हाला अधिक पटणारा, कारण त्याने कोडही सुधारतो. नाहीतर 'घोस्टमोड'मध्ये (काय काय सिंक करायचं ते ठरवणारं सेटिंग) 'क्लिक्स' बंद करून फक्त स्क्रोल आणि फॉर्मची रकानेभरती चालू ठेवायची.

तीन नोंदींचं कारण सरळ आहे: तिन्ही उपकरणांनी आपापला फॉर्म खरोखरच पाठवला. 'फॉर्म्स'मधलं 'सबमिट' बंद करा. तेवढ्याने भागत नाही, कारण बटणावरचं क्लिकही इतरांकडे जातं, म्हणून फॉर्म तपासताना 'क्लिक्स'ही बंद हवं. 3001 पोर्टवरच्या नियंत्रण पानावरून हे चालू-बंद करता येतं, पुन्हा सुरू करावं लागत नाही. पेमेंटच्या पानावर मात्र सिंक ठेवूच नका, चाचणी खातं असलं तरी.

स्क्रोलबद्दलही एक. ते पिक्सेलमध्ये नव्हे, पानाच्या उंचीच्या प्रमाणात जुळवलं जातं. फोनवर पान बरंच लांब असतं, त्यामुळे लॅपटॉपवर दिसणारा परिच्छेद फोनवर थोडा वरखाली असणारच.

प्रश्न: 'माझं लोकेशन' हे बटण लॅपटॉपवर चालतं, फोनवर नाही. परवानगीची चौकटही येत नाही.

उत्तर: लोकेशन, कॅमेरा, सर्व्हिस वर्कर (पानामागे चालणारी स्क्रिप्ट) यांना ब्राउझर सुरक्षित पत्ता मागतो. 'लोकलहोस्ट'ला साध्या एचटीटीपीवरही सूट आहे, 192.168 ला नाही. अँड्रॉइडवर सोपं आहे: यूएसबी डीबगिंग चालू करून केबल जोडा, लॅपटॉपच्या क्रोममधल्या 'इन्स्पेक्ट' पानावर पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये 3000 द्या आणि फोनवर 'लोकलहोस्ट:3000' उघडा. आयफोनला खरं एचटीटीपीएस लागतं. 'एमकेसर्ट' या स्थानिक प्रमाणपत्रं बनवणाऱ्या साधनाने लॅपटॉपच्या त्या 192.168 वाल्या पत्त्यासाठी प्रमाणपत्र बनवून ब्राउझरसिंकला द्या, एमकेसर्टचं रूट (मूळ) प्रमाणपत्र फोनवर बसवा, आणि मग सेटिंग्ज, जनरल, अबाउट, सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज इथे जाऊन त्यावर पूर्ण विश्वास चालू करा. ही शेवटची पायरी राहिली की बाकी सगळं करूनही सफारी कुरकुरतच राहतं.

प्रश्न: साइट होस्टिंगवर चढवण्याआधी ब्राउझरसिंकचा कोड काढायचा का?

उत्तर: प्रॉक्सी किंवा सर्व्हर वापरत असाल तर काढायला काही नसतंच. स्क्रिप्ट पाठवल्या जाणाऱ्या पानात, बॉडी टॅगपाशी, जाता जाता घातली जाते, तुमच्या फाइलला हात लागत नाही. (म्हणूनच बॉडी टॅग नसलेलं पान सिंक होत नाही.) स्निपेट (ब्राउझरसिंकने दिलेला स्क्रिप्टचा तुकडा) हाताने चिकटवलं असेल, तर मात्र शोधून काढा.