वाचकांचे प्रश्न : हुआ हिनचा बंगला आणि नव्वद वर्षांचा भाडेपट्टा

प्रश्न : मी आणि माझी पत्नी दोघेही निवृत्त असून मुलुंडला राहतो. भाचा बँकॉकला नोकरीस असल्यामुळे तिकडे जाणेयेणे असते आणि थायलंडच्या आखाताकाठचे हुआ हिन आम्हांला मनापासून आवडले आहे. गावी कोकणात घर बांधणार होतो, परंतु सातबाऱ्यावर नावे असलेल्या सगळ्या चुलत भावंडांच्या संमतीसाठी फेऱ्या मारण्याचे त्राण आता उरलेले नाही. एका दलालाने हुआ हिनजवळ बंगला सुचवला आहे. जमिनीचे तीस-तीस वर्षांचे तीन भाडेपट्टे मिळून नव्वद वर्षे ती आपलीच राहील, अथवा थाई भागीदारांसह कंपनी काढून तिच्या नावावर घेता येईल, असे तो सांगतो. आमच्या दोन फ्लॅटपैकी एक विकून हा व्यवहार करावा का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : बंगल्याचा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्वसाधारण परदेशी नागरिकाला थायलंडमध्ये जमिनीची मालकी मिळत नाही. तेथील कायद्यानुसार भाडेपट्टा एका वेळी जास्तीत जास्त तीस वर्षांचा नोंदवता येतो. पुढील दोन मुदतींचे आश्वासन हा केवळ आजच्या जमीनमालकाने दिलेला शब्द असून, त्याचे वारस किंवा जमीन विकत घेणारा नवा मालक तो पाळतीलच याची कायदेशीर हमी नाही. कंपनीचा मार्ग त्याहून वाईट आहे, कारण नावापुरते थाई भागधारक उभे करणे हा तेथे गुन्हा आहे. कोकणातील सातबाऱ्यावर निदान आपले नाव असते. हुआ हिनच्या जमिनीवर ते कधीच लागणार नाही.

परदेशी व्यक्तीला मालकी हक्काने घेता येतो तो नोंदणीकृत इमारतीतील कॉन्डोमिनियम फ्लॅट, आणि तोही इमारतीतील एकूण विक्रीयोग्य क्षेत्रापैकी ४९ टक्क्यांच्या मर्यादेत. त्यामुळे फ्लॅट पसंत पडला तरी परदेशी मालकांचा हा वाटा शिल्लक असल्याचे आणि फ्लॅटवर देखभालीची थकबाकी नसल्याचे पत्र इमारतीच्या व्यवस्थापनाकडून आधी मागून घ्यावे. आपल्याकडील सोसायटीच्या ना-हरकत दाखल्याइतकेच ते मोलाचे आहे.

आता पैशांचा प्रश्न, आणि खरी मेख येथेच आहे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली प्रत्येक निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. पती-पत्नींच्या मर्यादा एकत्र करायच्या असतील, तर फ्लॅट दोघांच्याही नावावर असला पाहिजे. प्रत्येकी पहिल्या १० लाख रुपयांनंतरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ आयकर, वरून वसूल करते. समजा, आपण दोघांनी प्रत्येकी ४० लाख पाठवले, तर प्रत्येकी ६ लाख म्हणजे एकूण १२ लाख रुपये जास्तीचे हाताशी हवेत. ही रक्कम बुडत नाही. वर्षाच्या करातून ती वळती होते आणि उरल्यास परत मिळते.

मुलुंडचा फ्लॅट विकून होणाऱ्या नफ्याचे गणित मात्र अनेकांच्या लक्षातच येत नाही. एक घर विकून दुसरे घेतल्यास मिळणारी भांडवली नफ्यावरील सवलत २०१४ सालच्या दुरुस्तीनंतर फक्त भारतातील घरालाच लागू आहे. म्हणजेच हुआ हिनच्या फ्लॅटपोटी एक रुपयाही सवलत न मिळता नफ्यावर १२.५ टक्के कर भरावा लागेल. फ्लॅट २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेला असल्यास महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांचा हिशेब करून, दोहोंपैकी कमी होणारा कर भरता येतो. वर सांगितलेला टीसीएस याच करात वळता करून घेता येईल, म्हणून विक्री आणि प्रेषण शक्यतो एकाच आर्थिक वर्षात व्हावे.

रक्कम पाठवताना ती डॉलरमध्येच पाठवावी; मुंबईतच तिचे बाहत या थाई चलनामध्ये रूपांतर करू नये. खरेदीदारांची नावे पासपोर्टप्रमाणे लिहून, रक्कम कॉन्डोमिनियमच्या खरेदीसाठी असल्याचा उल्लेख फ्लॅटच्या क्रमांकासह करावा. परकीय चलन बाहेरून आल्याचा तेथील बँकेचा दाखला दाखवल्याशिवाय भूमी कार्यालय परदेशी व्यक्तीच्या नावे मालकी नोंदवत नाही. याच कारणासाठी दलालाच्या मुंबईतील खात्यात रुपयांत बयाणा भरू नये. त्यातून हा दाखला तर मिळणार नाहीच, शिवाय फेमाचे, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचे, उल्लंघन पदरी पडेल.

फ्लॅट घेतल्याने राहण्याचा परवाना मिळत नाही, तो वेगळाच काढावा लागतो. पन्नाशीपुढील व्यक्तींसाठी निवृत्ती व्हिसा आहे. त्याकरिता थाई बँकेत ८ लाख बाहत ठेव किंवा दरमहा ६५,००० बाहत उत्पन्न दाखवण्याची अट असते. हा फ्लॅट आणि तेथील बँक खाते दरवर्षी आयकर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात न चुकता दाखवावे, कारण २०१५ च्या काळ्या पैशाविरोधी कायद्यानुसार ते दडवल्यास १० लाख रुपयांच्या दंडाची टांगती तलवार राहते, मग भाड्याचे उत्पन्न शून्य का असेना.

या साऱ्याआधी एक करावे. ऑक्टोबरच्या भर पावसात हुआ हिनला महिनाभर भाड्याने राहून पाहावे, आणि दलालाने दाखवलेल्या इमारतींत कोणते फ्लॅट विक्रीसाठी पडून आहेत, याची चौकशी त्याला न सांगता स्वतः करावी.